कार्ड नसलेल्याचा दवाखाना

क्षयरोग झाला असेल तर सरकार औषध देईल, मधुमेह असेल तर देणार नाही. कॅनडात २०१२ ते २०१४ या काळात निर्वासितांच्या एका मोठ्या गटासाठी हा नियम खरोखर लागू होता. क्षय शेजाऱ्याला लागू शकतो, मधुमेह लागत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाने ते स्वतःच्या खिशातून आणावं, आणि खिसा रिकामा असेल तर काय करावं, याबद्दल नियम गप्प होता.

इंटरिम फेडरल हेल्थ प्रोग्रॅम ही योजना काही कालपरवाची नव्हती. तिची मुळं १९५७ च्या सरकारी आदेशापर्यंत जातात. निर्वासित म्हणून आलेला माणूस प्रांताच्या आरोग्यविम्यात बसेपर्यंत त्याचा दवापाण्याचा खर्च केंद्र सरकार करायचं. एप्रिल २०१२ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री जेसन केनी यांनी तिच्यात कपात जाहीर केली आणि ३० जूनला ती अमलात आली. निर्वासितांची प्रतवारी झाली. सरकारने स्वतः आणलेल्यांना पूर्वीसारखंच सगळं मिळत राहिलं. आपले आपण येऊन आश्रय मागणाऱ्यांना डॉक्टर आणि हॉस्पिटल मिळालं, पण औषध फक्त संसर्गजन्य आजाराचं. आणि ज्या देशांवर सरकारने 'सुरक्षित' असा शिक्का मारला होता (त्यात हंगेरी होता, पुढे मेक्सिकोही आला) तिथून आलेल्यांना तर हृदयविकाराचा झटका आला तरी योजनेतून दमडी मिळणार नव्हती. बाळंतपणालाही नाही.

कॅनेडियन नागरिकाला फुकट चष्मा मिळत नाही, मग निर्वासिताला का, असा सरकारचा सवाल होता. ऐकायला बिनतोड वाटतो. पण चष्मा, दात, औषधं यांची मदत प्रांत सरकारं आपल्याकडच्या सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या गरिबांना देतातच, आणि निर्वासितांना मिळत होतं ते साधारण तेवढंच होतं. तुलना नोकरदाराशी केली, करायला हवी होती गरिबाशी.

यातून पाच वर्षांत १० कोटी डॉलर वाचतील असं सांगितलं गेलं. म्हणजे वर्षाला २ कोटी. तेव्हा देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या आसपास होती. माणशी वर्षाला साठ सेंटसुद्धा होत नाहीत.

त्या उन्हाळ्यात डॉक्टर रस्त्यावर उतरले. पांढरे कोट घालून मंत्र्यांच्या कार्यक्रमांत उभे राहून त्यांनी प्रश्न विचारले, एका मंत्र्याच्या टोरांटोतल्या कार्यालयात ठिय्या दिला. सस्कॅचेवान प्रांताचे तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, ब्रॅड वॉल हे स्वतः उजव्या विचारांचे, पण कॅन्सरच्या एका रुग्णाचं प्रकरण पुढे आलं तेव्हा हे कॅनडाला शोभत नाही असं तेही म्हणाले. शेवटी ४ जुलै २०१४ ला फेडरल कोर्टाच्या न्यायमूर्ती अ‍ॅन मॅकटॅव्हिश यांनी ही कपात 'क्रूर आणि असामान्य वागणूक' ठरवून घटनाबाह्य केली. हे शब्द कॅनडाच्या हक्कांच्या सनदेत शिक्षेसंदर्भात येतात. आरोग्ययोजनेतल्या कपातीला ते लागू पडावेत, हे त्या निकालाचं वेगळेपण. सत्तापालटानंतर एप्रिल २०१६ मध्ये योजना पूर्ववत झाली.

हा इतिहास आज उगाळायचं कारण वेगळं आहे. विमा नसलेल्या स्थलांतरितांना मोफत प्राथमिक उपचार द्यावेत म्हणणारे आमच्यासारखे लोकही बरेचदा केनींच्याच भाषेत बोलतात. 'त्यांच्यावर उपचार केले नाहीत तर रोग आपल्यापर्यंत येईल,' हे वाक्य कोविडच्या काळात किती वेळा ऐकलं! वाक्य खोटं नाही. गोवर, क्षय, कोविड यांना व्हिसा कळत नाही. पण हाच मुद्दा पायात घातला, तर वर उभी राहणारी इमारत २०१२ सारखीच असते, कारण तिच्यात माणसाची किंमत तो इतरांना किती धोकादायक आहे यावरून ठरते. खोकणाऱ्याला औषध, थकणाऱ्याला नाही. आणि स्थलांतरित कामगाराला खरं छळतात ते न लागणारे आजार: रक्तदाब, साखर, पाठीचं दुखणं, झोप उडणं, दिवस गेल्यावर पाचव्या महिन्यापर्यंत एकही तपासणी न होणं.

दुसरा लाडका मुद्दा बचतीचा. तो जास्त दमदार आहे. टोरांटोच्या सिककिड्स या मुलांच्या हॉस्पिटलात कपातीच्या आधीची आणि नंतरची निर्वासित मुलं तपासली गेली. इमर्जन्सीत आलेल्यांपैकी भरती करावी लागणाऱ्यांचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. दुखणं अंगावर काढायचं आणि अगदीच राहवेना तेव्हा हॉस्पिटल गाठायचं, ही गरिबाची जुनी रीत. ती पोरांच्या बाबतीतही सुरू झाली, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांना पहिल्या काळात फक्त तातडीच्या आणि वेदनेच्या आजारांवर उपचार मिळतात, असा १९९३ पासूनचा कायदा आहे. कायवान बोझोर्गमेहर आणि ओलिव्हर राझुम या संशोधकांनी जवळजवळ वीस वर्षांची सरकारी आकडेवारी तपासून २०१५ मध्ये दाखवलं, की ज्यांचा हक्क असा आखडता ठेवला होता त्यांच्यावरचा दरडोई खर्च पूर्ण हक्क असलेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होता. दार लहान केलं म्हणून खर्च लहान झाला नाही.

तरीही सगळा भार मी या मुद्द्यावर टाकणार नाही. रक्तदाबाची गोळी डायलिसिसपेक्षा स्वस्त, हे खरं. पण लवकर सापडलेल्या काही आजारांचा खर्च वाढतो, कारण रुग्ण जगतो आणि पुढे वीस वर्षं गोळ्या घेतो. बचतीच्या वहीत तो तोट्याच्या बाजूला जाईल. मग तेव्हा काय म्हणायचं, की माफ करा, तुम्ही परवडत नाही? निर्वासितांच्या योजनेचा खर्च गेल्या काही वर्षांत अनेक पटींनी वाढला आहे, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. २०१५ मध्ये कॅनडात आश्रयासाठी साधारण १६ हजार अर्ज आले होते, २०२४ मध्ये ते १ लाख ७० हजारांच्या पुढे गेले. 'यातून पैसे वाचतात' असं छातीठोक सांगणाऱ्याला हा वाढता आकडा दाखवला की तो गडबडतो. गडबडायचं कारण नाही. प्राथमिक उपचार ही सार्वजनिक सेवा आहे, तिला पैसे लागणारच. प्रश्न एवढाच, की ते पैसे कुठल्या वाटेने द्यायचे.

त्याआधी हे विमा नसलेले लोक कोण, ते पाहू. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो बोटीतून किंवा सीमेवरच्या खंदकातून आलेला कोणीतरी परका माणूस. कागद नसलेल्या लोकांची कॅनडातली संख्या २० हजारांपासून ५ लाखांपर्यंत काहीही असू शकते, असं सरकारी कागदपत्रांतच म्हटलं आहे. अंदाजाची दोन टोकं इतकी लांब असली की धोरणाऐवजी कल्पनाशक्तीच कामाला लागते. पण टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत विमा नसलेल्यांची रांग कुठल्याही प्राथमिक केंद्रात पाहिली, तर तिच्यात निम्मे चेहरे ओळखीचे वाटतील.

ऑन्टारियोने परदेशी विद्यार्थ्यांना प्रांताच्या विम्यातून, म्हणजे ओहिपमधून, १९९४ मध्ये बाहेर काढलं. ते तेव्हापासून खासगी किंवा विद्यापीठाच्या विम्यावर आहेत. शिक्षण संपलं, हाती वर्क परमिट आलं, तरी ओहिप आपोआप मिळत नाही. ऑन्टारियोतल्या मालकाकडे किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी दाखवावी लागते. आता आपल्याकडची पोरं शिक्षणानंतरचे पहिले महिने काय करतात? टॅक्सीच्या अ‍ॅपवर गाडी चालवतात, जेवणाचे डबे पोचवतात, दोन अर्धवेळ नोकऱ्या जोडून पूर्ण वेळ राबतात. हे सगळं कायदेशीर आहे, करही भरतात. पण 'पूर्णवेळ, एकच मालक, सहा महिने' हे पत्र त्यांच्याकडे नसतं. कॉलेजचा विमा संपलेला, सरकारचा सुरू न झालेला. अशा मधल्या फटीत किती नाशिक-सोलापूरची मुलं दाढदुखी आणि पोटदुखी घेऊन बसली आहेत, हे त्यांच्या घरी फोनवर कोणी सांगत नाही.

मग आई-बाबा. २०११ अखेर सुपर व्हिसा आला आणि आजी-आजोबा वर्षानुवर्षं राहायला येऊ लागले. अट अशी, की किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा हवा. तो आपण सगळेच काढतो. काढताना बारीक अक्षरातलं एक कलम फारसं कोणी वाचत नाही. आधीपासूनचा आजार 'स्थिर' असेल तरच भरपाई मिळते, आणि स्थिर म्हणजे ठरावीक काळात, कुठे तीन महिने तर कुठे सहा, औषधात काहीच बदल झालेला नसणं. निघण्याआधी पुण्यातल्या डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचा डोस वाढवून दिला असेल, तर इथे येऊन छातीत दुखल्यावर विमा कंपनी ते पान उघडते. शिवाय हा विमा अचानक उद्भवणाऱ्या गोष्टींचा. दर तीन महिन्यांची साखर तपासणी त्यात बसत नाही. म्हणून मग पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कोणाच्या तरी आईच्या मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनच्या पट्ट्या असतात, वर रबरबँडने बांधलेली जुनी चिठ्ठी. बॅग उशिरा आली की गोळी अर्धी होते. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या कुठल्याही मराठी घरात विचारा.

सुपर व्हिसावरच्या आजींना निर्वासितांच्या बरोबरीने सरकारने फुकट सांभाळावं, असं मी म्हणत नाही. त्यांना बोलावताना मुलांनी लिहून दिलेलं असतं आणि ते पाळणं त्यांचं कामच आहे. पण विमा असणं आणि उपचार मिळणं या दोन गोष्टींत केवढं अंतर असतं, ते आपल्या लोकांना या उदाहरणावरून जितकं चटकन कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. आणि तरीही या विषयावर सर्वांत कडक मत बरेचदा आपल्याच लोकांचं असतं. गणपतीत जेवणाच्या पंगतीत हा विषय निघाला की एखादे काका हमखास म्हणतात, 'आम्ही पॉइंट्स मोजून, फी भरून, चार वर्षं थांबून आलो. आम्हाला कोणी फुकट दिलं?' या रागात काही खोटं नाही. पण तो चुकीच्या माणसावर निघतो. काकांना आल्यावर ज्या पहिल्या तीन महिन्यांत ओहिप नव्हतं, आणि तेवढ्यातच धाकट्याला न्यूमोनिया झाला असता तर काय, या धास्तीत ज्यांनी पहिला हिवाळा काढला, ती तीन महिने थांबायची अट सरकारनेच घातली होती. २०२० मध्ये ती गेली. आपण सोसलं म्हणून पुढच्यानेही सोसावं, हा न्याय सासू-सुनांच्या जुन्या गोष्टींत ठीक होता.

खरी अडचणीची हरकत वेगळीच आहे, आणि तिला सोपं उत्तर नाही. कॅनडात नागरिकांनाच फॅमिली डॉक्टर मिळत नाही. २०२२ च्या अवरकेअर या देशव्यापी सर्वेक्षणातून ६५ लाखांहून जास्त प्रौढांना हक्काचा डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (औषध लिहून देऊ शकणारी नर्स) नसल्याचं दिसलं. प्रांताच्या विम्याचं कार्ड हातात असूनही जो वॉक-इन क्लिनिकच्या रांगेत सकाळी आठला उभा राहतो, त्याला बिनकार्डाच्या माणसासाठी वेगळा पैसा काढा म्हणून सांगणं अवघड आहे. त्याला 'तू निर्दय आहेस' म्हणून गप्प करता येईल, पण मतपेटीत तो गप्प बसणार नाही. त्याला एवढंच दाखवायला हवं, की ही रांग बिनकार्डाच्या माणसामुळे लांबलेली नाही. डॉक्टरला प्रत्येक भेटीमागे पैसे देणारी, एकेकट्याने चालवलेली दवाखान्याची पद्धत आता नवे डॉक्टरच नको म्हणत आहेत. परदेशात शिकलेले डॉक्टर इथे परवान्याची वाट पाहत दुसरीच कामं करत आहेत. आणि कार्ड असलेल्याची रांग ज्याने कमी होईल, त्याच उपायाने बिनकार्डाच्या माणसाचीही सोय होते. तो उपाय कॅनडात शंभर वर्षांपूर्वी एकदा सापडला होता.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीची गोष्ट. सस्कॅचेवानच्या माळरानावर सार्निया नावाची ग्रामपंचायत, तिथलं होल्डफास्ट हे गाव. वस्ती बहुतेक नव्याने येऊन जमीन कसणाऱ्यांची. पीक बुडालं की डॉक्टरची फी थकायची, आणि गावचा डॉक्टर कंटाळून निघायच्या बेतात होता. पंचायतीने त्याला वर्षाला १,५०० डॉलर द्यायचं ठरवलं आणि थांबवून घेतलं. पैसा गावाच्या करातून. कोणी बिल भरलं, कोणाचं थकलं, हा हिशेबच संपला. पुढे शेजारच्या पंचायतींनी हीच युक्ती उचलली, तिला 'म्युनिसिपल डॉक्टर' म्हणू लागले, आणि तिच्याच जमिनीत १९६२ चा सस्कॅचेवानचा सार्वत्रिक आरोग्यविमा उगवला. (त्याच माळरानाच्या मूळ रहिवाशांना या सगळ्यातून किती काळ दूर ठेवलं, हे मात्र कॅनडा आपली ही आवडती गोष्ट सांगताना विसरतो.)

तो विमा आणण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते टॉमी डग्लस स्कॉटलंडमधून आलेल्या कुटुंबातले. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला. विनिपेगमध्ये पाय कापायची वेळ आली होती, कारण चांगल्या सर्जनचे पैसे आईवडिलांकडे नव्हते. एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. मुलाचा पाय अशा योगायोगावर अवलंबून असू नये, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. २००४ मध्ये सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या जनमतचाचणीत लोकांनी त्यांना सर्वश्रेष्ठ कॅनेडियन ठरवलं. विमा नसलेला स्थलांतरिताचा मुलगा होता तो. त्याच देशात ग्रेनाडाहून १९९९ मध्ये आलेल्या नेल तूसाँ या बाईंनी अनेक वर्षं काम केलं, काही मालकांनी पगारातून करही कापून घेतला. आजारी पडल्यावर त्यांनी वास्तव्य नियमित करण्याचा अर्ज करायचं ठरवलं, पण त्याची ५५० डॉलर फी भरायला पैसे नव्हते. वास्तव्य नाही म्हणून केंद्राच्या योजनेतून औषधपाणी नाही. कॅनडातल्या कोर्टांनी नाही म्हटलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये कॅनडाने त्यांचा जगण्याचा हक्क डावलल्याचा निर्वाळा दिला, तो सरकारने मानला नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्या वारल्या.

होल्डफास्टच्या युक्तीत पैसा रुग्णाच्या पाकिटामागे जात नाही, डॉक्टरच्या दाराशी थांबतो. मला म्हणायचं आहे ते एवढंच आहे. बिनविम्याच्या माणसासाठी नवं कार्ड, नवा विमा, नवी पात्रता, नवं पोर्टल काढू नका. दवाखान्यांना पगार आणि भाडं द्या, आणि त्या भागात राहणारा जो येईल त्याला तपासा असं सांगा.

ऑन्टारियोत हे अर्धवट का होईना आज चालू आहे. प्रांतात सत्तरहून जास्त कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत. तिथले डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर, समुपदेशक पगारावर असतात, त्यामुळे समोरच्याकडे कार्ड नसलं तरी त्यांचं उत्पन्न बुडत नाही. सुईणींचंही तसंच. ऑन्टारियोत राहणाऱ्या बाईचं बाळंतपण सरकारमान्य मिडवाइफ ओहिप नसतानाही करते, त्याचा पैसा मंत्रालय देतं. ही व्यवस्था १९९४ पासून आहे आणि त्यामुळे प्रांत बुडाल्याचं ऐकिवात नाही. उलट निर्वासितांच्या केंद्रीय योजनेचा अनुभव पाहा. तिथे पैसा पुरेसा असतो, तरी कित्येक क्लिनिकं त्या कागदावरचा रुग्ण घेत नाहीत. वेगळी नोंदणी करा, वेगळे फॉर्म भरा, आधी पात्रता तपासा, मग बिल एका खासगी विमा प्रशासकाकडे पाठवा. रिसेप्शनवरच्या मुलीला सोपं पडतं ते 'आम्ही हे घेत नाही' म्हणून सांगणं. कागदावर विमा असलेला निर्वासित आणि काहीच नसलेला कामगार, दोघेही मग शेवटी त्याच कम्युनिटी सेंटरच्या पायरीवर येतात.

ज्यांनी मुंबईत केईएम किंवा सायनची ओपीडी पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता विचारतात. पत्ता गोरखपूरचा निघाला म्हणून कोणी खिडकीतून परत लावत नाही. त्या ओपीडीची गर्दी, व्हरांड्यातल्या गाद्या, थकलेले निवासी डॉक्टर हे सगळं मला माहीत आहे, आणि 'बाहेरच्यांमुळे आपल्याला जागा नाही' हे आपल्याकडचं राजकारणही. गर्दीचं उत्तर आणखी दवाखाने हे असतं, खिडकीवर आणखी एक कारकून बसवणं हे नव्हे.

टोरांटोतल्या सेंटर्सची खरी अडचण दाराच्या आत गेल्यावर सुरू होते. नर्स तपासते, रक्तदाब पाहते, गाठ हाताला लागते. मग? रक्ताची चाचणी, एक्स-रे, सोनोग्राफी, तज्ज्ञ डॉक्टर यांचं बिल वेगळं. सेंटरकडे त्यासाठी थोडा निधी असतो, तो बेताचाच. मग कोणाची बायोप्सी आता करायची आणि कोणाला 'थोडं थांबून बघू' म्हणायचं, हे ठरवत बसावं लागतं. डॉक्टरी शिकताना हे कोणी शिकवत नाही. आणि ज्याला थांबवलं त्याची गाठ थांबत नाही. पुढे तो इमर्जन्सीत येतो. जीव धोक्यात असेल तर हॉस्पिटलला कायद्याने त्याला परत पाठवता येत नाही, उपचार होतात आणि नंतर हजारो डॉलरचं बिल घरी येतं. ते तो भरू शकत नाही. हॉस्पिटल ते बुडीत धरतं, म्हणजे आडवळणाने ते करदात्यानेच भरलं. फक्त उशिरा, जास्त, आणि मधल्या काळात त्या माणसाला वसुलीवाल्यांचे फोन.

मार्च २०२० मध्ये ऑन्टारियोने नेमकी ही फट बुजवली होती. साथ सुरू झाली तेव्हा प्रांताने जाहीर केलं, की विमा नसलेला कोणीही हॉस्पिटलात आला तर उपचार करा, बिल मंत्रालयाला लावा. आजार कोविडचाच हवा अशी अटही नव्हती. तीन वर्षं ते चाललं. कार्ड नसलेल्यांच्या झुंडी विमानतळावर उतरल्या नाहीत. फुकट एक्स-रेसाठी देश बदलणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. श्रीमंत बायका पर्यटक म्हणून येऊन बाळंत होतात, हे जे प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या रिचमंडवरून गाजतं, ते पैसे मोजणाऱ्यांचं. त्याचा बंदोबस्त वेगळा करावा. गरोदरपणात एकदाही न तपासलेल्या सफाई कामगार बाईला त्यात ओढायचं कारण नाही. मार्च २०२३ मध्ये जेमतेम आठवडाभर आधी कळवून प्रांताने ही सोय ३१ मार्चला बंद केली. साथ संपली होती. म्हणजे पुन्हा तेच: तुम्ही आम्हाला धोका होतात तोवर तुमच्यावर उपचार करणं भाग होतं.

केंद्र सरकार आता दुसऱ्या टोकाने निघालं आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात निर्वासितांच्या योजनेतल्या औषधं, दात, चष्मा, समुपदेशन अशा पूरक सेवांवर रुग्णाचा वाटा लावायचं ठरलं. औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीमागे ४ डॉलर, बाकीच्या सेवांवर ३० टक्के. चार डॉलर म्हणजे एका कॉफीचे पैसे, असं म्हणणारे भेटतील. सस्कॅचेवानमध्ये १९६८ मध्ये असंच झालं होतं. सरकारने डॉक्टरच्या दवाखान्यातल्या प्रत्येक भेटीवर दीड डॉलर लावला, का तर लोक उगाच येतात म्हणून. एकूण भेटी सहा-सात टक्क्यांनी कमी झाल्या, पण गरिबांच्या सुमारे १८ टक्क्यांनी. १९७१ मध्ये नव्या सरकारने ती फी काढून टाकली. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात सुरू केलेला मोठा प्रयोगही हेच सांगतो: खिशातून पैसे द्यावे लागले की माणसं अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही सोडतात, आणि त्यातले गरीब रक्तदाबाचे रुग्ण मागे पडतात. ज्याला काम करायचा परवाना अजून मिळालेला नाही, त्याच्या घरी पाच चिठ्ठ्या असतात तेव्हा चार डॉलरचे वीस होतात, आणि त्यातली कुठली गोळी सोडायची हे तो स्वतः ठरवतो, डॉक्टरला न विचारता.

क्वेबेकने २०२१ मध्ये एक शहाणपणाचं काम केलं. आईवडिलांचे कागद काहीही असोत, तिथे राहणाऱ्या मुलांना प्रांताचा आरोग्यविमा दिला. मुलांबद्दल बोलताना आवाज मऊ करणं सगळ्यांनाच जमतं, त्यामुळे तो कायदा फारसा विरोध न होता पार पडला. पण मुलाचा ताप उतरवून त्याला ज्या आईच्या कुशीत परत द्यायचं, तिची थायरॉइडची गोळी बंद असेल तर आपण नेमकं काय वाचवलं?

ऑन्टारियोपुरतं बोलायचं तर मागण्या दोनच. कम्युनिटी सेंटर्सना डॉक्टर-नर्सच्या पगारासाठी वाढीव पैसा, कार्ड असलेल्या आणि नसलेल्या दोघांची रांग लक्षात घेऊन. तो वाढीवच हवा. आहे त्यातून वाटे पाडले तर काकांचा राग खरा ठरेल. आणि त्या सेंटर्सनी पुढे पाठवलेल्या रुग्णाच्या चाचण्या, तज्ज्ञ आणि हॉस्पिटल यांचं बिल मंत्रालयाला लावायची २०२० ची सोय कायमची. या दुसऱ्या गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही, विधानसभेत रात्र जागवावी लागत नाही. २०२० मध्ये ती मंत्रालयाच्या एका परिपत्रकावर सुरू झाली होती.